रात्रीचा पाऊस आणि सकाळचे पक्षी : वाचकांचे प्रश्न

स्थलांतराचा हंगाम आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक विषय हमखास असतो, तो म्हणजे रात्री पाऊस पडून गेल्यावर सकाळी शहरातल्या झाडांवर अचानक दिसू लागणारे छोटे गाणारे पक्षी. यंदाचे सदर पूर्णपणे याच विषयाला दिले आहे. एकमेकांशी मिळतेजुळते असलेले प्रश्न एकत्र करून त्यांना एकच उत्तर दिले आहे.

प्रश्न : मी रोज सकाळी घराजवळच्या उद्यानात जातो. रात्री पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी स्थलांतरित पक्षी दिसतात, असे ऐकले होते. प्रत्यक्षात कधी झाडे पक्ष्यांनी गजबजलेली असतात, तर कधी तेवढाच पाऊस पडूनही नेहमीच्या पक्ष्यांखेरीज काहीच दिसत नाही. यामागे काही नियम आहे की हा केवळ नशिबाचा भाग आहे?

उत्तर : नियम आहे, आणि तो समजून घेतला तर उद्याच्या सकाळचा अंदाज बहुतेक वेळा आदल्या रात्रीच बांधता येतो. पाऊस पक्ष्यांना घेऊन येत नाही. वरून आधीच चाललेल्या पक्ष्यांना तो खाली उतरवतो. म्हणून पाऊस सुरू झाला तेव्हा आकाशात पक्षी होते का, हे आधी पाहावे लागते.

वटवटे, माशीमार, कस्तूर, थिरथिरे, भारीट असे बहुतेक छोटे गाणारे पक्षी स्थलांतराचा प्रवास रात्री करतात. रात्रीची हवा थंड आणि स्थिर असल्याने सतत पंख मारूनही शरीर फार तापत नाही व शरीरातले पाणी कमी खर्च होते, दिवसा शिकार करणाऱ्या ससाण्यांचा धोका टळतो आणि दिवस पोट भरायला मोकळा राहतो. सूर्यास्तानंतर साधारण अर्ध्या ते एका तासात ते उडतात, मध्यरात्रीच्या आगेमागे आकाशात त्यांची गर्दी सर्वाधिक असते आणि पहाटेपर्यंत बहुतेक पक्षी उतरलेले असतात. निघायचे की थांबायचे, हे ते संध्याकाळच्या हवेवरून ठरवतात. आकाश निवळलेले असेल आणि वारा त्यांच्याच दिशेने वाहत असेल तर ते निघतात. समोरून वारा किंवा पाऊस असेल तर त्याच झाडांवर आणखी एक रात्र काढतात.

आता यात पावसाची वेळ मिळवून पाहावी. संध्याकाळ कोरडी होती, वारा पाठीमागून होता, पक्षी निघाले, आणि मध्यरात्रीनंतर किंवा पहाटेच्या आधी पाऊस आला, तर वाटेत असलेले पक्षी मिळेल तिथे उतरतात. आपल्याला झाडे गजबजलेली दिसतात ती अशा रात्रीनंतर. याउलट संध्याकाळपासूनच पाऊस लागलेला असेल तर आजूबाजूच्या शेकडो किलोमीटरच्या प्रदेशातून कुणी निघालेलेच नसते, आणि रात्रभर कितीही पाऊस पडला तरी सकाळी नवे पक्षी दिसत नाहीत. मात्र आदल्या दिवशी बागेत उतरलेले पक्षी अशा वेळी हमखास तिथेच सापडतात, कारण त्यांनाही निघता आलेले नसते. तिसरा प्रकार अनेकांच्या नजरेतून सुटतो. पावसाची आघाडी, म्हणजे वेगळी हवा घेऊन पुढे सरकणारा पावसाचा पट्टा, संध्याकाळीच पुढे सरकली, आकाश उघडले आणि वारा अनुकूल झाला, तर अडकून पडलेले सगळे पक्षी त्याच रात्री एकदम निघतात. उत्तर गोलार्धातील शरद ऋतूत हे वारंवार घडते, कारण थंड हवेची आघाडी पाऊस पाडून गेली की तिच्यामागे उत्तरेचा वारा सुटतो आणि दक्षिणेकडे जाणाऱ्यांना तोच हवा असतो. अशा वेळी बागेतले कालचे पक्षी गेलेले असतात आणि उत्तरेकडचे आलेले असतात, त्यामुळे संख्या तेवढीच राहून जाती मात्र बदललेल्या दिसतात.

या घटनेचे एक प्रसिद्ध उदाहरण ३ सप्टेंबर १९६५ या दिवसाचे आहे. स्कँडिनेव्हियाकडून स्वच्छ हवेत निघालेले पक्षी उत्तर समुद्रावर पावसाच्या पट्ट्यात सापडले आणि इंग्लंडच्या सफोक किनाऱ्यावर थिरथिरे, व्हीटइअर आणि काळे-पांढरे माशीमार अक्षरशः कोसळल्यासारखे उतरले. समुद्र ओलांडताना इतका मोठा लोंढा अडकतो, म्हणून किनाऱ्यावरचे प्रसंग नोंदींत राहतात. शहरात हेच लहान प्रमाणावर घडते.

शहराच्या बाबतीत मात्र आणखी एक कारण भर घालते, ते म्हणजे उजेड. ढग खाली आले की पक्षीही खालून उडू लागतात, तारे झाकले जातात आणि ओल्या हवेत पसरलेला दिव्यांचा उजेड त्यांना खेचून घेतो. न्यूयॉर्कमध्ये दर वर्षी ११ सप्टेंबरच्या रात्री २००१ मधील दहशतवादी हल्ल्याच्या स्मृतिदिनानिमित्त ८८ शक्तिशाली दिव्यांचे झोत आकाशात सोडले जातात. तिथे सात रात्रींच्या निरीक्षणांवर आधारित संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्या रात्रींत सुमारे ११ लाख पक्ष्यांच्या वर्तनावर या झोतांचा परिणाम झाल्याचा अंदाज त्यात मांडला गेला. दिवे विझवल्यावर घिरट्या घालणारे पक्षी थोड्याच वेळात पांगत, हेही त्याच निरीक्षणात स्पष्ट दिसले. म्हणजे पावसाच्या रात्रीनंतर शहरातली बाग पक्ष्यांनी भरते, तेव्हा त्यांतले काही पक्षी अंधाऱ्या रानाऐवजी उजेडापायी तिथे आलेले असतात. आपल्या आनंदात ही गोष्ट विसरू नये, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : अशा सकाळी नेमके किती वाजता आणि शहरात कुठे जावे? मोठे उद्यानच हवे का?

उत्तर : पाऊस पहाटेपूर्वी थांबला असेल तर उजाडताना पोहोचावे. अंधारात उतरलेल्या पक्ष्याला जागा निवडता येत नाही, त्यामुळे तो वाहनतळाच्या कडेच्या झाडावर, गच्चीवरच्या कुंड्यांत किंवा रस्त्याच्या दुभाजकावरच्या झुडपातही उतरतो. उजाडले की आजूबाजूचा अंदाज घेऊन तो छोट्या छोट्या उड्या घेत बऱ्या जागेकडे सरकतो. पहिला तासभर सगळीकडे अशी हालचाल दिसते, आणि त्यानंतरचे दोन-तीन तास पक्षी एका जागी थांबून भराभर खात असतात. नीट निरीक्षण करायचे तर हा दुसरा काळ अधिक उपयोगाचा. पाऊस सकाळीही चालूच असेल तर घाई करू नये. भर पावसात पक्षी पानांच्या आत गप्प बसतात आणि सरी थांबल्या की अर्ध्या तासात बाहेर येतात, मग दुपार असली तरी चालते.

जागेचे म्हणाल, तर मोठेपणापेक्षा एकाकीपणा महत्त्वाचा आहे. चहूबाजूंनी इमारती असलेला हिरवा तुकडा वरून उठून दिसतो आणि दूरवरचे पक्षी तिथे एकवटतात. न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क सुमारे ३४१ हेक्टरचे आहे आणि स्थलांतराच्या काळात तिथे जगभरातून पक्षीनिरीक्षक जातात, ते याच कारणासाठी. पण हेच तत्त्व चार झाडांच्या चौकालाही लागू पडते. जुनी दफनभूमी, महाविद्यालयाचे आवार, रुग्णालयामागची दुर्लक्षित झाडी, ओढ्याकाठची अरुंद पट्टी, यांपैकी घराजवळ जे असेल ते निवडावे आणि तिथेच पुन्हा पुन्हा जावे. रोजची जागा ओळखीची झाली की तिथे आज काय वेगळे आहे, हे लगेच कळते.

त्या जागेत गेल्यावर सूर्य कुठून वर येतो आणि वारा कुठून येतो, हे आधी पाहावे. पूर्वेकडची, उन्हात आलेली पण वाऱ्याच्या आडोशाची झाडांची कड सर्वांत आधी तापते, तिथले कीटक आधी हलू लागतात आणि भुकेले पक्षी तिथेच गोळा होतात. फुलोऱ्यावर आलेले किंवा कोवळी पाने फुटलेले झाड असेल तर त्याच्यासमोर थांबून राहणे फायद्याचे, कारण अळ्या आणि बारीक किडे तिथेच असतात. पावसानंतर मुंग्या किंवा वाळवीचे पंखवाले किडे जमिनीतून उठले तर माशीमार, खाटीक आणि भिंगऱ्या तिथे तासभर हटत नाहीत. ओल्या गवतावर आणि पाचोळ्यात कस्तूर, धोबी व तिरचिमण्या पाहाव्यात. वृक्ष तिरचिमणी झाडाखाली चालत चालत टिपते आणि आपली चाहूल लागली की वरच्या फांदीवर जाऊन शेपूट खालीवर हलवत बसते. त्यामुळे तिला जमिनीवर आधी आपण पाहिले तरच नीट पाहता येते.

पाणी साचलेली जागा तर सोडूच नये, पण डबक्याइतकेच लक्ष पानांकडेही द्यावे. पर्णवटवटे पाण्यात उतरून क्वचितच आंघोळ करतात. थेंबांनी भिजलेल्या रुंद पानांमध्ये शिरून ते छाती आणि पोट पानावर घासतात, पंख थरथरवतात, पुढच्या पानावर जातात आणि शेवटी कोरड्या काटकीवर बसून एकेक पीस चोचीतून ओढून नीट करतात. एरवी क्षणभरही न थांबणारा हा पक्षी त्या चार-पाच मिनिटांत एकाच फांदीवर सापडतो आणि त्याच्या भुवईची रेघ, पायांचा रंग, पंखावरची पट्टी हे सगळे निवांत पाहता येते. सकाळभरात असे एक दृश्य जरी मिळाले तरी त्यातून शिकायला पुष्कळ मिळते.

प्रश्न : पाऊस पडणार की नाही हे मोबाइलवर कळते. तसे पक्षी येणार की नाहीत हे कळते का?

उत्तर : काही देशांत कळते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश रडारांच्या पडद्यावर कारण न कळणारे ठिपके दिसत आणि त्यांतले पुष्कळसे पक्ष्यांचे असल्याचे डेव्हिड लॅक व जॉर्ज व्हार्ली या जीवशास्त्रज्ञांनी १९४५ मध्ये दाखवून दिले. आज अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा आणि तिचे सहकारी ‘बर्डकास्ट’ या उपक्रमातून हवामान रडारांच्या आधारे रोज रात्री किती पक्षी आकाशात असतील, याचा अंदाज प्रसिद्ध करतात. इतर अनेक देशांत लोकांसाठी दाखवल्या जाणाऱ्या रडारच्या चित्रांतून पक्ष्यांचे प्रतिध्वनी आधीच गाळलेले असतात. जिथे ते गाळलेले नसतात, तिथे सूर्यास्तानंतर थोड्या वेळाने रडार केंद्राभोवती एक गोलसर, एकसारखी चकती पसरत जाताना दिसते, ती पक्ष्यांची असते; पाऊस मात्र तुटक, दाट-विरळ पट्ट्यांनी सरकतो. ही चकती मोठी होत असताना पावसाचा पट्टा तिच्यावर येऊन धडकताना दिसला, तर गजर लावून झोपावे.

रडार उपलब्ध नसेल तरी काही बिघडत नाही. रात्री दहा वाजता वाऱ्याची दिशा आणि पाऊस अपेक्षित असलेली वेळ एवढे दोनच तपशील पाहिले तरी पुरते. शक्य असल्यास मध्यरात्री गच्चीवर पाच-दहा मिनिटे शांत उभे राहावे. कस्तूर, भारीट, तिरचिमण्या असे अनेक पक्षी उडताना अगदी बारीक, एकसुरी आवाज करतात, आणि ढग खाली आलेल्या रात्री ते वाहतूक थांबलेल्या शहरातही ऐकू येतात.

प्रश्न : हिरवट-तपकिरी रंगाचे छोटे पक्षी मला सगळे सारखेच दिसतात. पुस्तकातली चित्रे पाहून गोंधळ आणखीच वाढतो. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : रंगापासून सुरुवात करू नये, विशेषतः पावसानंतर तर मुळीच नाही. भिजलेली पिसे गडद दिसतात, पंखावरची फिकट पट्टी चिकटून नाहीशी होते आणि हिरव्या पानांतून गाळून येणारा उजेड पांढऱ्या पोटालाही हिरवट झाक देतो. पुस्तकातले चित्र कोरड्या, नव्या पिसांच्या पक्ष्याचे असते. म्हणून आधी पक्षी काय करतो आहे, ते पाहावे.

सरळ बसून, एका फांदीवरून हवेत झेप घेऊन पुन्हा तिथेच किंवा शेजारी परतणारा पक्षी बहुधा माशीमार असतो. त्याने शेपूट वर उचलून धरली आणि शेपटीच्या बुंध्याशी दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके दिसले, तर तो लाल छातीचा माशीमार किंवा त्याचा जवळचा भाऊबंद तैगा माशीमार असू शकतो. मादीच्या आणि लहान वयाच्या पक्ष्यांच्या छातीवर लाल रंग नसतो, त्यामुळे हे ठिपकेच कामी येतात. पानापानांत सतत सरकत राहणारा, क्षणभर फडफडत पानाखालचा किडा टिपणारा पक्षी पर्णवटवटा असतो. झुडपाच्या आत, जमिनीपासून फुटा-दोन फुटांवर लपून राहणारा, सपाट कपाळाचा तपकिरी पक्षी बोरूवटवट्यांपैकी असण्याची शक्यता अधिक. उघड्यावर, बुटक्या झुडपाच्या शेंड्यावर बसून जमिनीवर झेपावणारा गप्पीदास असतो. ओलसर जागी जमिनीवर धावत जाऊन थांबणारा आणि शेपटीच्या बुंध्याला तांबूस रंग असलेला पक्षी निळकंठी असतो. हंगामाच्या वेळी त्याच्या गळ्यावरचा निळा रंग फिका असला तरी शेपटीचा तांबूस रंग उडताना दिसतोच.

कोणत्या गटातला पक्षी आहे, हे ठरले की सूक्ष्म खुणांकडे वळावे. पर्णवटवट्यांत क्रमाने पाहावयाच्या गोष्टी म्हणजे डोळ्यावरच्या भुवईची लांबी, पंखावर आडवी पट्टी आहे का आणि असल्यास एक की दोन, पायांचा रंग आणि शेपटीची सवय. चिफचॅफचे पाय काळपट असतात आणि तो खाताना शेपूट वारंवार खाली झुकवतो. त्याच्यासारखाच दिसणारा विलो वॉर्बलर फिकट पायांचा असतो आणि त्याच्या पंखांची टोके मागे अधिक लांब आलेली असतात, कारण तो फार लांबचा प्रवासी आहे. हिरवट पर्णवटवट्याच्या पंखावर एक बारीक पट्टी असते, आणि पिसे झिजली की तीही जवळजवळ दिसेनाशी होते. अशा वेळी आवाज हाच खरा आधार असतो. या पक्ष्याची ‘चिस्-ली’ अशी दोन तुकड्यांची तीक्ष्ण हाक आणि चिफचॅफची चढत जाणारी ‘हुईत’ एकदा कानात बसली की दुर्बीण उचलण्याआधीच निम्मे काम होते. आवाज ओळखून देणारी मोबाइल साधने आता उपलब्ध आहेत आणि त्यांचा उपयोग जरूर करावा, परंतु साधनाने नाव सुचवले म्हणजे पक्षी ओळखला असे समजू नये. तो डोळ्यांनी पाहून पडताळावा.

दुर्बीण घ्यायची असल्यास आठपट मोठे दाखवणारी, ४० ते ४२ मिलिमीटर भिंगांची घ्यावी. दहापट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीत हात हलतो आणि पाहण्याचा परीघ आकुंचित होतो, त्यामुळे पानांत पळणारा पक्षी सापडेपर्यंत तो पुढे गेलेला असतो.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. अशा सकाळी चाळीस पक्षी धावतपळत पाहण्यापेक्षा एकाच पक्ष्यासमोर वीस मिनिटे उभे राहिलेले चांगले. नाव सापडले नाही तरी हरकत नाही. ‘हिरवट, एक पट्टी, काळपट पाय, शेपूट हलवत नव्हता’ अशी नोंद पुढच्या वर्षीही उपयोगी पडते.

प्रश्न : पक्षी पानांआड असेल तर मोबाइलवर त्याच्याच जातीचा आवाज लावून त्याला बाहेर आणता येते, असे एका ओळखीच्यांनी सांगितले. तसे करावे का?

उत्तर : करू नये. पक्षी बाहेर येतो हे खरे आहे, पण तो प्रतिस्पर्धी आला असे समजून येतो आणि ज्या वेळेत त्याने खायला हवे ती वेळ शोधाशोध करण्यात घालवतो. रात्रभर उडून आणि भिजून आलेल्या पक्ष्याकडून हे करवून घेणे मला अजिबात मान्य नाही. छायाचित्र काढतानाही हाच निकष लावावा : पक्ष्याने खाणे थांबवून आपल्याकडे पाहायला सुरुवात केली की आपण फार जवळ आलो आहोत, असे समजून मागे सरावे.

प्रश्न : पावसात सापडलेले हे पक्षी वाट चुकलेले असतात का? ते किती दिवस राहतात? त्यांच्यासाठी खायला ठेवावे का?

उत्तर : बहुतेक पक्षी वाट चुकलेले नसतात, त्यांचा मुक्काम अवेळी पडलेला असतो, इतकेच. त्यांना दिशा कळण्याचे एकच साधन नाही. अमेरिकेतील स्टीफन एमलेन यांनी १९६० च्या दशकात तारांगणात इंडिगो बंटिंग ठेवून हे पक्षी ताऱ्यांवरून दिशा ठरवतात हे सिद्ध केले आणि त्याच दशकात जर्मनीत वोल्फगांग विल्चको यांनी युरोपीय रॉबिनला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून दिशा कळते, हे दाखवले. ढगांनी तारे झाकले तरी दुसरा आधार शिल्लक असतो.

मुक्काम किती काळ राहील, हे अंगावरच्या चरबीवर आणि हवेवर अवलंबून असते. चरबी हे या पक्ष्यांचे इंधन आहे. ती खर्च होताना ऊर्जेबरोबर थोडे पाणीही मिळते. एरवी साधारण १२ ग्रॅम वजनाचा ब्लॅकपोल वॉर्बलर उत्तर अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरून निघून अटलांटिक महासागरावरून न थांबता २,२७० ते २,७७० किलोमीटर उडतो आणि त्याला दोन ते तीन दिवस लागतात, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदले गेले. निघण्याआधी तो भरपूर चरबी साठवतो. म्हणून चरबी शिल्लक असलेला पक्षी हवा सुधारताच त्याच रात्री निघून जातो, तर रिकामा झालेला पक्षी काही दिवस राहतो आणि खात राहतो. शेपूट ताठ करून चपळपणे वावरणारे पक्षी आणि अंग फुगवून जमिनीजवळ हळूहळू टिपणारे पक्षी असा फरक त्याच बागेत पाहायला मिळतो.

खायला ठेवण्याचा फारसा उपयोग नाही, कारण यांतले बहुतेक पक्षी किडे खातात आणि ठेवलेल्या दाण्यांकडे फिरकत नाहीत. त्यापेक्षा उथळ भांड्यात स्वच्छ पाणी ठेवावे, बागेतला पाचोळा त्या आठवड्यात झाडून काढू नये, कीटकनाशक फवारू नये आणि पाळीव मांजर दोन-तीन दिवस घरात ठेवावे. थकलेला पक्षी जमिनीजवळ असतो, आणि मांजराचा धोका त्याला इतर कोणत्याही वेळेपेक्षा तेव्हा अधिक असतो.

प्रश्न : पावसाच्या रात्रीनंतर आमच्या कार्यालयाच्या काचेच्या दर्शनी भिंतीखाली छोटे पक्षी पडलेले सापडतात. काही जिवंत असतात. काय करावे?

उत्तर : जिवंत पक्षी अलगद उचलून झाकण असलेल्या, हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावा. तळाशी कापड किंवा कागदी रुमाल अंथरावा, म्हणजे पाय घसरत नाहीत. खोका अंधाऱ्या, शांत, उबदार जागी ठेवावा. चोचीत पाणी घालू नये, काही भरवू नये आणि दर पाच मिनिटांनी झाकण उघडून पाहू नये. तासाभराने खोका काचेपासून दूर, झाडांजवळ नेऊन उघडावा. पक्षी उडाला तर ठीक. न उडाल्यास, पंख लोंबत असल्यास किंवा मान तिरकी राहिल्यास तो वन्यजीवांवर उपचार करणाऱ्या केंद्राकडे लवकर पोहोचवावा. उडून गेलेल्या पक्ष्यालाही आतून मार लागलेला असू शकतो, म्हणून उपचार केंद्र जवळ असेल तर तेथे दाखवणे अधिक सुरक्षित असते.

खरा उपाय मात्र काचेवर आणि दिव्यांवर करायला हवा. शिकागोतील मॅकॉर्मिक प्लेस या सरोवराकाठच्या मोठ्या इमारतीखाली ५ ऑक्टोबर २०२३ रोजी एका सकाळी जवळजवळ एक हजार पक्षी मेलेले सापडले. स्थलांतराची मोठी लाट, पाऊस आणि उजेड हे सगळे त्या रात्री एकत्र आले होते. त्या इमारतीखालच्या पक्ष्यांच्या नोंदी फील्ड म्युझियमच्या डेव्हिड विलर्ड यांनी १९७८ पासून ठेवल्या आहेत. त्यांच्या आधारे २०२१ मध्ये केलेल्या अभ्यासात उजेड असलेल्या खिडक्या नोंदींतल्या किमान पातळीवर आणल्या तर मृत्यू सुमारे ६० टक्क्यांनी कमी होतील, असा निष्कर्ष निघाला. २०२४ मध्ये तिथल्या काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म लावण्यात आली आणि त्यानंतरच्या हंगामात मृत्यूंची संख्या फार मोठ्या प्रमाणात घटली.

आपल्या कार्यालयातही हे करता येईल. ठिपके किंवा रेघा काचेच्या बाहेरच्या बाजूने असाव्यात, कारण आतून लावल्यास प्रतिबिंब तसेच राहते, आणि त्यांच्यातले अंतर ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावे. ससाण्याच्या आकाराचे एखादेच चित्र चिकटवून काही साधत नाही. पक्षी त्याच्या बाजूने जायला पाहतो आणि काचेवरच आदळतो. स्थलांतराच्या काळात रात्री अकरा ते सकाळी सहापर्यंत अनावश्यक दिवे बंद ठेवण्याची सूचना व्यवस्थापनाला लेखी द्यावी. त्यासोबत कोणत्या तारखेला, कोणत्या भिंतीखाली, किती आणि कोणते पक्षी सापडले व आदल्या रात्री हवा कशी होती, याची नोंद छायाचित्रांसह जोडावी. नुसत्या तक्रारीकडे दुर्लक्ष करता येते. तारखांसह ठेवलेली यादी समोर असली की बैठकीत त्यावर बोलावेच लागते.

प्रश्न : मी ‘ई-बर्ड’ या पक्षीनिरीक्षणाच्या नोंदी जमवणाऱ्या संकेतस्थळावर नोंदी टाकतो. पावसानंतर गेलो आणि काहीच दिसले नाही, तर ती नोंद टाकावी का?

उत्तर : अवश्य टाकावी. जेवढा वेळ थांबलात आणि जेवढे चाललात ते लिहून, दिसलेल्या नेहमीच्या पक्ष्यांसह पूर्ण यादी द्यावी आणि शेऱ्यात पाऊस कधी सुरू झाला, कधी थांबला व वारा कोणत्या दिशेचा होता, हे नमूद करावे. केवळ भरघोस सकाळींच्याच नोंदी राहिल्या तर प्रत्येक पावसानंतर पक्षी उतरतात, असा चुकीचा निष्कर्ष त्यांतून निघेल. आपल्या रिकाम्या सकाळींमुळे पावसाच्या वेळेचा आणि पक्ष्यांच्या संख्येचा संबंध त्या जागेपुरता पडताळून पाहता येतो.